टरबूज धरलेल्या माणसाचा दिवा

सुनीताचा फोन आला तेव्हा मी भोकरदनमध्ये पिठाच्या गिरणीत उभा होतो. गिरणी चालू होती, तिच्या घरघरीत नीट ऐकू येईना. "काका... मामा..." एवढंच कानावर पडलं. मी बाहेर रस्त्यावर आलो आणि "काय म्हणतेस, पोरी?" असं विचारलं, पण खरं तर विचारायची गरज नव्हती. गेले काही महिने तिचा नंबर दिसला की मी हीच बातमी धरून चालायचो. "मामा गेले," ती म्हणाली. "आत्ताच. मी चहा पाजून राह्यले होते. एक घोट घेतला, दुसरा घेतलाच न्हाई." मी दळण तसंच टाकून निघालो. गिरणीवाला मागून हाका मारत होता.

सुनीता म्हणजे कडूबाची सून. ती ज्यांना मामा म्हणायची ते तिचे सासरे, आणि तोच माझा कडूबा. माझा ड्रायव्हर. अजून मी असंच म्हणतो. आम्ही एकाच आगारात नोकरीला होतो, तो ड्रायव्हर आणि मी कंडक्टर, आणि नोकरीतली बहुतेक वर्षं आमची ड्यूटी एकाच बसवर लागत गेली. ड्रायव्हर लोक कंडक्टरला मास्तर म्हणतात, तसा तो मला मास्तर म्हणायचा. निवृत्तीनंतर बाकीच्यांनी मला नावाने हाक मारायला सुरुवात केली, याच्या तोंडी मात्र मी मास्तरच राहिलो. त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. भेटेल तो म्हणतो, सुटला बिचारा. मी मान हलवतो. काय सुटलं, कोण सुटलं, मला अजून कळलेलं नाही...

कडूबा मूळचा धावड्याकडचा. त्याच्या घरात मेंढरं होती आणि वडील कळप घेऊन पावसाळा सोडला तर घराबाहेरच असत. त्या घराण्यात स्टिअरिंगच्या चाकामागे बसलेला हा पहिला. अंगाने काटक, उंचीने मात्र फारच कमी. बसच्या सीटवर घोंगडीची घडी टाकून बसल्याशिवाय त्याला समोरचा रस्ता नीट दिसत नसे. आगारातली पोरं त्यावरून चेष्टा करायची, तोही हसायचा. पण एकदा बसला की बस त्याचं ऐकायची. वडिलांकडून त्याने एक गोष्ट उचलली होती. थांब्यावर चहापाण्याला उतरलेली माणसं परत चढली की तो वळून एकदाच गाडीभर नजर फिरवायचा आणि म्हणायचा, "मास्तर, ती हिरव्या लुगड्याची म्हातारी राह्यली." मी माणसं मोजून तिकिटांशी ताडून बघायचो. म्हातारी खरोखरच खाली राहिलेली असायची.

त्याचा सगळ्यात मोठा हट्ट म्हणजे दिवे. चाकामागच्या फळीवर जे लाल-पिवळे दिवे असतात, त्यांच्यावर त्याचा घरच्या माणसांपेक्षा जास्त विश्वास होता. एकदा लग्नसराईत धावड्याच्या रस्त्याला बस खच्चून भरलेली असताना ऑइलचा दिवा लागला. याने गाडी बाजूला घेऊन बंद केली. भर दुपार, आजूबाजूला एक झाड नाही. बसमध्ये एक अख्खं वऱ्हाड होतं. नवऱ्या मुलाचा चुलता खाली उतरून याच्या खिडकीशी आला आणि ओरडला, "अरे, गाडी चालू तर होती, काहून बंद केली?"

"चालू होती म्हणून तर थांबवली," कडूबा म्हणाला. "बंद पडल्यावर थांबवायला माझी काय गरज?"

आगारातून मेकॅनिक येईपर्यंत लोकांनी आम्हा दोघांचाही उद्धार केला. मेकॅनिकने खाली वाकून पाहिलं. दिव्याकडे जाणारी वायर लोखंडावर घासून तिचं वरचं आवरण गेलं होतं, उघडी तार बसच्या सांगाड्याला टेकत होती आणि म्हणून दिवा लागत होता. ऑइल काठोकाठ होतं. म्हणजे दिवा खोटा! चुलत्याने पुन्हा तोंड सोडलं. कडूबा मात्र खुशीत होता. "खोटा निघाला हे चांगलंच झालं की," तो मला म्हणाला, "पण काहून खोटं बोलला ते तर कळलं."

निवृत्त झाल्यावर त्याच्या मुलाने, गणेशने, एक जुनी पांढरी कार घेतली. गणेश जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत असतो, रोज बसने जाऊन-येऊन करतो. गाडी दारात आणि किल्ली कडूबाकडे. पहिल्याच दिवशी त्याने मला डाव्या सीटवर बसवलं आणि किल्ली अर्धी फिरवून समोरचे दिवे एकेक करून ओळखीचे करून दिले, जसं काही घरातली मंडळीच. हा बॅटरीचा, हा ब्रेकचा, हा इंजिनचा. त्यात एक लाल चित्र होतं, बसलेला माणूस आणि त्याच्या पोटापुढे मोठा गोल. "हा कोण रे, टरबूज घेऊन बसलेला?" मी विचारलं. त्याला एवढं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. "एअरबॅगचा दिवा, मास्तर. ते टरबूज म्हंजे पिशवी. ठोकर झाली की फुगती, माणूस वाचतो. किल्ली फिरवली की दिवा लागतो आणि थोड्या वेळानं विझतो. विझला म्हंजे सगळं बराबर. न्हाई विझला, तर ऐनवेळी पिशवी फुगंल का न्हाई, भरोसा न्हाई." तेव्हापासून आमच्यात त्या दिव्याचं नाव टरबूजवाला पडलं.

काही महिन्यांनी टरबूजवाला विझेनासा झाला. म्हणजे कडूबा तसं म्हणू लागला. गणेशने रविवारी गाडी काढून चक्कर मारली, दिवा लागला आणि वेळेवर विझला. "आप्पा, कुठाय दिवा?" गणेशने विचारलं. दुसऱ्या दिवशी कडूबा बाजारात गेला तर दिवा परत हजर. भोकरदनच्या मेकॅनिकने किल्ली फिरवून पाहिली, दिवा लागून विझला, म्हणजे बल्ब शाबूत आहे आणि वायरही शाबूत आहे असं म्हणून त्याने गाडी परत दिली. मग जालन्याला एकाने गाडीला यंत्र जोडलं. यंत्राच्या पडद्यावर कधीतरी झालेल्या बिघाडाची जुनी खूण दिसली. "आत्ता या घडीला काही फॉल्ट न्हाई," तो म्हणाला आणि ती खूण पुसून टाकली. गणेशने गाडी घरी आणली. दिवा नाही. कडूबाने गाडी काढली... दिवा! छत्रपती संभाजीनगरलाही हेच झालं. यंत्राने जुनी खूण दाखवली, माणसाने पुसली, गणेश निर्धास्त घरी आला, आणि आठवड्याच्या आत कडूबा दारात उभा राहून सांगू लागला की दिवा लागून राह्यला.

याच काळात दुसरंही काही होत होतं, आणि ते घरातल्या सगळ्यांना दिसत होतं. दुधाची पिशवी कपाटात सापडली. एका सकाळी त्याने मला एकच गोष्ट विचारायला परत परत फोन केला. गयावहिनी, म्हणजे त्याची बायको, हाक मारायच्या तर तो भलत्याच खोलीत जाऊन उभा राहायचा. त्यामुळे दिव्याचा विषय निघाला की गणेश आणि सुनीता एकमेकांकडे बघायचे. मी दिवा माझ्या डोळ्यांनी पाहिला होता, एकदा नाही, बऱ्याचदा. मी गणेशला तसं सांगितलं. "काका, तुम्ही आप्पांचीच बाजू घेणार," तो म्हणाला. मग तो मला शेजारी बसवून गावाबाहेरपर्यंत घेऊन गेला. मी टक लावून बघत बसलो. टरबूजवाला लागला, विझला, आणि पुढे उगवलाच नाही. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. खरं सांगतो, त्या दिवशी माझा माझ्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला.

आणि मग जांब समर्थचा तो दिवस. बऱ्याच दिवसांत गेलो नाही, दर्शनाला जाऊ, असं त्याच्या मनात आलं आणि आम्ही दोघंच सकाळी निघालो. भोकरदनहून जालना, तिथून अंबड, घनसावंगी आणि जांब. बसने हा रस्ता आमच्या इतका अंगवळणी पडलेला की कुठल्या वळणावर कोणाला मळमळतं तेही ठाऊक. राजूरच्या आधीच दिवा लागला होता. "पाह्य मास्तर, आला टरबूजवाला," तो म्हणाला. मी पाहिला. लाल, ठळक, शंकेला जागा नाही. माझे डोळे ठीक होते तर! मला आनंद झाला. जालन्यात एका चौकात सिग्नल हिरवा झाला आणि कडूबाने गाडी हलवली नाही. मागून हॉर्न सुरू झाले. दोन्ही हात चाकावर, चेहरा शांत. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं,

"मास्तर, बोर्ड कुठला लावलाय?"

मला वाटलं चेष्टा करतोय. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. चेष्टा नव्हती. बसच्या पुढे गावाच्या नावाची पाटी लावतात, ती कुठली लावली आहे हे तो विचारत होता, आणि स्टँडवर थांबायचा तसा उत्तरासाठी थांबला होता. "जांबचा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? "मंग घंटी दे," तो म्हणाला. मी बोटांच्या पेरांनी समोरच्या फळीवर दोनदा ठोकलं. त्याने गिअर टाकला आणि गाडी इतकी हळुवार सोडली की मागच्या हॉर्नवाल्यांना कळलंही नसेल की इथे काय घडलं. अंबडच्या पुढे त्याचं भान माघारी आलं. "चहा घेऊ ना, मास्तर?" असं नेहमीसारखं विचारलं. चौकातलं त्याला काहीच आठवत नव्हतं. येताना मी प्रत्येक वळणाच्या आधी सहज बोलल्यासारखं "इथून डावीकडं ना?" असं म्हणत राहिलो, अगदी घराच्या दारापर्यंत.

घरी आल्यावर मी गणेशला दोन्ही गोष्टी सांगितल्या. दिवा खरा आहे, मी पाहिला. आणि चौकात हे असं झालं, तेही खरं आहे. सांगायलाच हवं होतं, सांगितलं, आजही सांगेन. गणेशने फक्त दुसरी गोष्ट ऐकली. मुलगा होता तो, तीच ऐकणार. त्याच संध्याकाळी त्याने किल्ली काढून घेतली. गयावहिनी चुलीपाशी तोंड फिरवून बसल्या.

कडूबाने भांडण केलं नाही. त्याने स्वतःपुरता हिशेब लावला होता. "दिव्यामुळं किल्ली घेतली, मास्तर," तो मला म्हणाला. "दिव्याचा फॉल्ट सापडला की देतो बराबर. गणेशला टाइम न्हाई. तू तेवढं शोध." मी! ज्याला घरातला फ्यूज बदलता येत नाही. पण तो रोज विचारायचा, सापडलं का? बाकी सगळं निसटत चाललं होतं, नातवाचं नाव निसटलं, जेवलो की नाही ते निसटलं, पण हे एवढं त्याने घट्ट धरून ठेवलं होतं. दुपारी तो किल्लीशिवायच गाडीत जाऊन बसायचा, चाकाला अगदी चिकटून, आणि विझलेल्या फळीकडे बघत राहायचा. मी शेजारी बसायचो. आम्ही कुठेच जात नव्हतो. मी ओळखीच्या मेकॅनिकांना फोन करायचो, ते म्हणायचे गाडी आणा, दिवा लागलेला असताना आणा. आणि दिवा तर कडूबाशिवाय कोणाच्या हाताखाली लागत नव्हता.

उलगडा झाला तो सुनीतामुळे. कडूबाला दवाखान्यात न्यायचं तर गणेशला दर वेळी रजा मिळेना, म्हणून ती गाडी शिकली. रीतसर क्लास करून आली आणि घरच्या गाडीवर हात बसवायला मला सोबत घेऊन गावाबाहेरच्या मैदानावर गेली. सुनीताही उंचीने कमीच. ती बसली, क्लचवर पाय पोचेना, तिने सीट पुढे ओढली, अगदी शेवटपर्यंत. किल्ली फिरवली. दिवे लागले, विझले, आणि एक विझला नाही.

"काका!" ती ओरडली. "मामांचा दिवा!"

तिने सीट मागे सरकवली, गाडी बंद करून परत चालू केली. एकदोनदा असं केल्यावर दिवा विझला. पुढे ओढली, लागला. गणेश उंच, गाडीत बसला की आधी सीट मागे ढकलायचा. मेकॅनिकही तसेच. पुढे ओढून बसणारा एकटा कडूबा! एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आली नव्हती. आम्ही तशीच गाडी जालन्याला नेली. या वेळी यंत्र जोडून सुनीताने सीट मागेपुढे केली आणि पडद्यावरचा एक आकडा सीटबरोबर वरखाली नाचू लागला. पिशवी चुकून फुगू नये म्हणून मेकॅनिकने बॅटरीची वायर काढली, थोडा वेळ जाऊ दिला आणि सीटखाली डोकं घातलं. तिथे सीटमधल्या एअरबॅगच्या वायरींचा पिवळा प्लग होता. आधीच्या मालकाने सीटला कव्हरं शिवून घेतली होती, ती बसवणाऱ्याने वायरींची जुडी पट्टीने आखडून बांधली होती. सीट पुढे गेली की वायर ताणायची आणि प्लगमधली पिन सैल व्हायची. मेकॅनिकने पिन बसवली, पट्टी कापून वायर मोकळी केली. येताना सुनीता रस्ताभर रडत होती. मी तिला गाडी बाजूला घे म्हणालो. "न्हाई काका, मामांना जल्दी सांगायचंय," ती म्हणाली.

कडूबा ओसरीवर बसला होता. मी त्याच्यासमोर बसलो, त्याचे हात धरले. "कडूबा, दिवा सापडला. खरा होता. सीटखालची वायर ताणत होती." त्याने माझ्याकडे सभ्यपणे पाहिलं, अनोळखी प्रवाशाकडे पाहावं तसं.

"कोणाच्या गाडीचा?" त्याने विचारलं.

आम्ही उशीर केला होता. किती, ते सांगता येणार नाही, कारण अधूनमधून तो परत यायचा. म्हणून मी रोज चारच्या चहाला जाऊ लागलो आणि रोज नव्याने सांगू लागलो. सीट, पट्टी, पिवळा प्लग. बहुतेक वेळा तो ऐकून "बरं" म्हणायचा. एके दिवशी मात्र त्याचा चेहरा उजळला. "म्या म्हणलो नव्हतो?" तो म्हणाला.

"म्हणला होतास, कडूबा."

"मंग किल्ली आण."

मी तिथेच बसून राहिलो. तो वाट बघत होता, हात पुढे करून. थोड्या वेळाने हात हळूहळू खाली आला, आणि आपण काय मागितलं होतं तेही तो विसरला. त्या विसरण्याने मला हायसं वाटलं... हे लिहिताना बरं वाटत नाही, पण वाटलं खरं.

गणेशनेही एकदा सांगितलं. तो रविवारचा दिवस होता, आणि तोवर कडूबाचं उठणं-बसणं बंद झालं होतं. गणेश पलंगाशी खाली बसला आणि म्हणाला, "आप्पा, तुम्ही बराबर होता. दिवा लागत होता. मी ऐकलं न्हाई." आणि एवढा उंच माणूस हुंदके देऊ लागला. कडूबाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "कोणत्या डेपोचा तू, बाळा?" तो म्हणाला. "गाडी बंद पडली का? रडू नको. येऊन राह्यला मेकॅनिक." गणेशने मान हलवली आणि त्या हाताखाली तसाच बसून राहिला. मी उठून बाहेर गेलो.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत.

मी अजून चारला जातो. काम काही नसतं, पण पाय वळतात. परवा ओसरीवर गयावहिनी सुपात तूर घेऊन निवडत बसल्या होत्या. मी टेकलो. त्या खाली बघतच म्हणाल्या, "मास्तर, ते दिव्याचं सापडलं होतं ते नेमकं काय? तुम्ही सगळे त्यांनाच सांगत बसले. मला कोणी सांगितलंच न्हाई." खरंच, त्या चहा आणून ठेवायच्या आणि आत जायच्या. कोणालाच सुचलं नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितलं, मैदानापासून पिवळ्या प्लगपर्यंत, सावकाश. त्यांचे हात थांबले होते.

"म्हंजे दिवा खरंच लागत होता."

"हो, वहिनी."

"मंग त्यांचं डोकं बी बराबर होतं. उगाच काढली किल्ली."

जालन्याचा चौक मला दिसत होता, मागचे हॉर्न ऐकू येत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बराबर होतं, वहिनी. बिलकुल बराबर होतं."

"तुम्हाला खोटं बोलता येत न्हाई, मास्तर," त्या म्हणाल्या, आणि सुपातली अर्धी तूर त्यांनी ताटात ओतून माझ्यापुढे सरकवली. उन्हं ओसरीवरून उतरेपर्यंत आम्ही दोघं खडे निवडत बसलो.